दिंडी नेणाऱ्याचा धर्म

ज्येष्ठाचा महिना लागला की गावोगाव दिंडीच्या बैठका भरू लागतात. भिशी किती धरावी, ट्रक कोणाचा सांगावा, गेल्या साली फाटलेला तंबू शिवून घ्यावा की नवा आणावा, आचारी तोच की दुसरा, पखवाजाची पुडी बदलायची राहिली आहे, असे शंभर विषय निघतात. आणि ते निघालेच पाहिजेत. परंतु एक विषय बहुधा निघत नाही. दिंडी नेणे म्हणजे नेमके काय करणे? हे सर्वांना ठाऊकच आहे असे धरून आपण चालतो. आम्हीही कित्येक वर्षे तसेच धरून चाललो. पुढे ठेच लागली तेव्हा उमगले, की आम्हाला दिंडी पोहोचविता येत होती; नेता येत नव्हती. या दोहोंत अंतर काय, एवढेच आजच्या पाठात सांगावयाचे आहे. दिंडीचा चालक, विणेकरी, सप्ताह भरविणारी मंडळी, फार काय घरातले कर्ते माणूस, या सर्वांना हा पाठ लागू आहे.

शब्द काय सांगतो

आमचे शिक्षण जुन्या पद्धतीच्या पाठशाळेत झाले. तेथे व्याकरण घोकताना काही धातू ‘द्विकर्मक’ म्हणून निराळे सांगत. द्विकर्मक म्हणजे ज्याला दोन कर्मे लागतात तो. त्यांतला एक धातू ‘नी’, म्हणजे नेणे. त्याचे उदाहरण पोरासोरांना कळेल असे आहे: गुराखी शेळीला गावात नेतो. मराठीत ‘गावात’ म्हणतो म्हणून ध्यानात येत नाही, पण संस्कृतात ‘शेळी’ आणि ‘गाव’ या दोन्ही शब्दांना द्वितीयाच लागते. दोन्ही कर्मेच.

आता समजा, गुराखी झपाझप चालून गावात पोहोचला आणि शेळी वाटेत काटेरीत अडकून राहिली. तर त्याने काय केले? तो गेला. त्याने नेले नाही. एक कर्म सुटले की क्रियापदच बदलते, हे व्याकरणाने सांगितले. आणि व्याकरण कोणाची भीडमुर्वत धरीत नाही.

‘नेता’ आणि ‘नायक’ हे शब्द याच धातूचे. नीती, विनय आणि नयन हेही त्याच घरचे. तेव्हा जो दिंडी नेतो त्याचे एक कर्म पंढरी आणि दुसरे कर्म बरोबरचा माणूस. पंढरी सहसा चुकत नाही. रस्ता आखलेला, मुक्काम ठरलेले, तिथ्या ठरलेल्या. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींचे प्रस्थान, आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत प्रवेश. यात नेणाऱ्याची फारशी परीक्षा नाही. चुकते ते दुसरे कर्म. उदाहरणात शेळी एकच होती. दिंडीत दीडशे माणसे असतात आणि दीडशेंची चाल दीडशे तऱ्हांची. कोणी विशीचा, कोणी ऐंशीची. कोणाला सगळा हरिपाठ तोंडपाठ, कोणी नुसता टाळ धरून उभा. कोणी विजापूर-बेळगावकडचा, घरी कानडी बोलणारा आणि अभंग मात्र मराठीत म्हणणारा. कोणाची पहिली वारी, कोणाची चाळिसावी. कोणी जमीनदार, कोणी दुसऱ्याच्या शेतावर खपणारा. या सर्वांना ज्याने नेले त्याने दिंडी नेली. यांतल्या सोयीच्या शंभरांना ज्याने नेले, तो शंभरांबरोबर गेला एवढेच.

काल्याचे प्रमाण

कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला, शास्त्राचे प्रमाण द्या. प्रमाण आपण दर सप्ताहाच्या शेवटी ऐकतो. काल्याचे कीर्तन ज्या लीलेवर होते ती भागवताच्या दशम स्कंधात, तेराव्या अध्यायात आहे. यमुनेच्या वाळवंटात गोपाळ जेवायला बसले. कसे बसले? ओळीत नव्हे. भगवंत मध्ये आणि भोवती कडी करून मुले, अशी की प्रत्येकाचे तोंड भगवंताकडे. पहिली पंगत, शेवटची पंगत असा प्रकारच नाही. पात्रेही एकसारखी नव्हती. कोणी पानावर वाढून घेतले, कोणी फुलावर, कोणी सालीवर, कोणी दगडावर. ज्याच्या हाताला जे लागले ते त्याचे ताट. आपल्या काल्यात पोहे, लाह्या, दही, लोणचे एकत्र येते ते यावरूनच. कालविले तरी पोहा पोहाच राहतो आणि लाही लाहीच राहते. वाटून एकजीव केले तर त्याला काला म्हणत नाहीत.

पुढे काय झाले? वासरे चरत दूर गेली. मुले घाबरून उठू लागली. तेव्हा भगवंत म्हणाले, तुम्ही जेवा, मी बघून येतो. आणि हातातला घास हातातच ठेवून ते वासरे शोधायला निघाले. श्रोतेहो, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. मंडळींना जेवायला बसवून स्वतः घास हातात घेऊन हरवलेल्यामागे निघालेला, हा आपला नायक.

ब्रह्मदेवाने परीक्षा पाहण्याकरिता वासरेही लपविली आणि मुलेही. तेव्हा भगवंताने स्वतःच तितकी मुले आणि तितकी वासरे होऊन वर्षभर गोकुळ चालविले. येथे आम्ही कीर्तनात नेहमी थांबतो. भगवंताला काय अशक्य होते? सगळी मुले एकाच उंचीची, एकाच वर्णाची, एकाच आवाजाची करता आली असती. मोजायला सोपी पडली असती! पण भागवत बजावून सांगते, की ज्याचे जसे अंग, ज्याची जशी काठी, जसे शिंग, जशी वेणू, जसा स्वभाव, तंतोतंत तसे भगवंत झाले. मुलांना आपल्यासारखे केले नाही. स्वतः त्यांच्यासारखे झाले. आणि गंमत अशी, की त्या वर्षात आयांचे आपल्या मुलांवरचे प्रेम वाढले. वेगवेगळेपण राखल्याने गोकुळ फुटले नाही, अधिक जडले.

पूर्वपक्ष

आता यावर दोन शंका घेतल्या जातात. बैठकीत त्या आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकल्या आहेत, म्हणून जशाच्या तशा मांडतो.

पहिली शंका: “महाराज, हे कीर्तनात गोड लागतं. वाटेवर शिस्त लागते. ज्याचं त्याचं बघत बसलो तर वाखरी दिसायची नाही.”

दुसरी शंका: “माळ घातली की सगळे माउली. लहानथोर, जातपात तिथंच संपली. मग वेगळेपणाचा विषय मुद्दाम काढायचाच कशाला? सगळ्यांना सारखं धरलं की झालं.”

पहिल्या शंकेचे उत्तर सोहळ्यातच आहे. सातारा भागातील आरफळचे हैबतरावबाबा पवार ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. पुढे आळंदीस येऊन राहिले आणि १८३२ च्या सुमारास त्यांनी माउलींच्या पालखीला आजचे रूप दिले. अश्व, नगारा, रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीचा क्रम, चोपदाराची आज्ञा. लष्करात वावरलेल्या माणसाला शिस्त म्हणजे काय हे आपण सांगावे असे नाही. त्यांची शिस्त कशी, ते मुक्कामाच्या समाजआरतीला पाहावे. संध्याकाळी सर्व दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळांचा असा गजर, की शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येऊ नये. चोपदार चोप उंच करतो आणि एका क्षणात हजारो टाळ थांबतात. ही शिस्त झाली.

परंतु तेथेच तिचे दुसरे अंग आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने टाळ थांबवायचे नाहीत. ती वाजवीतच राहते. सगळीकडे शांत आणि एका कोपऱ्यातून टाळ ऐकू येतो आहे. मग चोपदार तिकडे जातो, काय झाले ते विचारतो, ऐकून घेतो, मार्ग काढतो. दिंडीचे समाधान झाले की टाळ थांबतो. त्यानंतर हरवले-सापडले पुकारतात, उद्याची निघण्याची वेळ सांगतात आणि मग आरती. म्हणजे तक्रार आरतीच्या आधी. ज्याचे दुखते आहे त्याचे ऐकल्यावाचून देवाला ओवाळायचे नाही, अशी ही रीत. टाळ वाजवीत राहणे ही बेशिस्त नव्हे. तेही शिस्तीतच धरलेले आहे. ज्या शिस्तीत दुःख सांगायला जागा नाही, ती शिस्त नव्हे, तो नुसता दाब. आणि हे करणारे बाबा शेवटी कोठे विसावले? आळंदीच्या महाद्वारातल्या पायरीशी. सर्वांना पुढे धाडून आपण पायरी व्हावे, यात त्यांचे सगळे चरित्र आले.

दुसऱ्या शंकेचे उत्तर अधिक कठीण आहे. ते देताना आपल्याच घरात दिवा धरावा लागतो.

संतांनी काय केले, आपण काय केले

नामदेवरायांभोवती जो मेळा जमला तो आठवा. गोरोबाकाका कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखोबा महार, जनाबाई घरकाम करणारी. यांतल्या कोणाला धंदा सोडून ये असे सांगितले नाही. धंद्यासकट घेतले. तेरला गोरोबांच्या घरी संत जमले होते, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. मुक्ताईने विचारले, काका, यांत कच्चे मडके कोणते? गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवून पाहिले. नामदेवराय रुसले आणि तेच कच्चे ठरले. देवाशी बोलणारा पुरुष, परंतु परीक्षा घेतली कुंभाराने आणि कुंभाराच्या हत्याराने. गोरोबांना कोणी म्हटले नाही, की काका, तुमचे ज्ञान मडक्यांपुरते. एखाद्याला पंगतीत जागा देणे सोपे आहे. त्याच्या हातातली विद्या हे प्रमाण मानणे अवघड आहे. तेथे ते मानले गेले. नामदेवरायांनीही रुसवा गिळला आणि विसोबा खेचरांना शरण गेले. आपले कच्चेपण ज्याला कोणी सांगू शकतो, तोच पुढे मेळा सांभाळू शकतो.

याच नामदेवरायांनी पुढे काय केले? शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता कूस कोसळले आणि राबणारे मजूर त्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. परंपरा सांगते, की ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी उचलल्या, पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. मागे राहिलेल्याला घेऊन येणे म्हणतात ते हे. माणूस गेला, तरी हाडे मागे ठेवली नाहीत.

येथवर सांगितले की कीर्तनात टाळ्या पडतात. पुढचे सांगताना मात्र आमचा आवाज बारीक होतो. समाधी महाद्वारासमोर झाली. महाद्वाराच्या आत चोखोबांच्या माणसांना जाता आले नाही. १३३८ पासून १९४७ पर्यंत मोजा. सहाशे नऊ वर्षे! इतकी वर्षे आपण टाळ वाजविले, चोखोबांचे अभंग म्हटले, त्यांच्या समाधीला हात लावून आत गेलो, आणि त्यांचे भाऊबंद बाहेर उभे राहिले. शेवटी साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले, आणि १० मेला मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरून ते सुटले. त्या वेळी विरोध करणाऱ्यांत गळ्यात माळ असलेलेही होते, हे लपवून काय उपयोग? मठाचे दार गुरुजींना उघडून देणारेही वारकरीच होते, हेही तितकेच खरे.

इरावतीबाई कर्वे पालखीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी जे पाहिले ते लिहिले. दिवसभर एका सुरात गाणारी माणसे जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांना लागले. विदुषी बाई, पण मायेने चाललेली. तिचे डोळे आपल्याला वैरी नव्हते. अलीकडचे पाहाल तर २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पंढरीच्या मंदिरातले पुजेचे वंशपरंपरागत हक्क संपले आणि त्याच साली समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागविले. दार एकेक करून उघडते आहे. परंतु प्रत्येक वेळी ते ढकलावे लागले, आपसूक उघडले नाही.

तेव्हा ‘सगळे माउली’ म्हटल्याने भेद संपत नाही, दिसेनासा होतो. दिसेनासा झालेला काटा अधिक खोल जातो. सारखे धरणे म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचे जोडे देणे नव्हे. टाळ आणि पखवाज सारखे वाजत नाहीत. वीणेचा आवाज दोहोंहून निराळा. लय मात्र एक. लय एक ठेवायची ती नेणाऱ्याने. आवाज ज्याचा त्याचा.

आमची ठेच

आता ठेच कशी लागली ते सांगतो. यात मोठेपणा काही नाही, उलटेच आहे. पण कोणा होतकरू चालकाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

आमचे गुरुजी गेले आणि १९९६ साली दिंडी आमच्याकडे आली. वय सदतीस, पाठांतर दांडगे, अंगात जोर. दिंडी वेळेवर निघाली पाहिजे, क्रमाने चालली पाहिजे, चालीत खोट निघता कामा नये, हा ध्यास. त्या साली एका वाडीवरची तेरा माणसे प्रथमच आली होती. ऊसतोडीला जाणारी गरीब मंडळी. एक म्हातारी होती, डोळ्यांनी अधू. डोक्यावर तुळस.

पुण्याहून सासवडची वाटचाल सगळ्यांत मोठी, त्यात दिवे घाट, त्यात एकादशी. घाटात रथाला बैलांच्या जादा जोड्या लावतात हे तुम्ही पाहिले आहे. आम्हीही पाहिले होते. पण चढावर जोड्या वाढवायच्या असतात, हे रथाविषयी कळले तरी माणसांविषयी कळले नाही. आम्ही चाल वाढविली. दिंडी क्रमाने, ऐटीत सासवडला पोहोचली.

समाजआरतीला चोप वर गेला. सगळीकडे शांत झाले, आणि आमच्याच मागून एक टाळ वाजत राहिला. त्या वाडीवरचा पोरगा. वय वीस असेल. आमच्या अंगाला घाम सुटला. मागे वळून डोळ्यांनी दटावले. तो खाली मान घालून वाजवीतच राहिला. आमचे जुने विणेकरी शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, “त्याला गप करू नका महाराज. तुम्ही गप ऱ्हावा.”

चोपदार आले. पोरगा म्हणाला, “आमची चार माणसं घाटात मागं ऱ्हायली. कुणी थांबलं न्हाई.” चोपदारांनी आमच्याकडे पाहिले. आम्हाला तर माणसे कमी आहेत हेच ठाऊक नव्हते. मग तो आणखी बोलला, “आन् आळंदीपासनं आम्हाला रोज शेवटच्या पंगतीला बसवत्यात. वायलं.”

हेही आम्हाला ठाऊक नव्हते. का? कारण आम्ही पहिल्या पंगतीला जेवून विश्रांतीला जात होतो. वाढप्यांना विचारले, असे कोणी सांगितले? म्हणाले, “कुणी सांगितलं न्हाई. नावं लिहून घेताना आडनाव कळलं. पद्धतच हाय तशी.” वाचक हो, ‘कोणी सांगितले नाही, पद्धत आहे’ हे वाक्य फार ओळखीचे आहे. सहाशे नऊ वर्षे त्याच वाक्याने दार धरून ठेवले होते.

आरती झाल्यावर त्या पोराला घेऊन आम्ही एका ट्रकमधून मागे गेलो. झेंडेवाडीला रस्त्याकडेला चौघे भेटली. दुसऱ्या एका दिंडीने त्यांना फराळ दिला होता. म्हातारीचे पाय सुजले होते; तुळस मांडीवर. आम्हाला ओळखून म्हणाली, “माउली, तुमी कशाला आलासा? दिंडी कुनी बघायची?” आम्ही काही बोललो नाही. दिंडी तेथेच तर बसली होती.

रात्री विणेकऱ्यांनी आम्हाला बाजूला घेतले. उद्या द्वादशीचे पारणे आहे, म्हणाले, पहिल्या पंगतीला सगळी मिसळून बसतील आणि वाढायला तुम्ही. दुसऱ्या दिवशी तसे केले. भाताचे घमेले घेऊन वाकून वाढताना एकेकाचे तोंड दिसले. आठवडाभर बरोबर चाललेल्या कित्येकांची नावेसुद्धा आम्हाला येत नव्हती.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. दोन जुनी घरे पानावरून उठली आणि त्या साली दिंडी सोडून गेली. त्यांच्यामागेही जावे लागते. ती बरोबर होती म्हणून नव्हे, तर तीही आपली होती म्हणून. तुकोबारायांना छळणारे वाघोलीचे रामेश्वरभट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले. चाकणचे संताजी तेली जगनाडे जेथे बसत त्याच मेळ्यात तेही बसले. दार त्यांनाही बंद झाले नव्हते. आम्ही दर साली ज्येष्ठात त्या दोन्ही घरी जाऊन बोलावीत राहिलो. पंगत मात्र मागे घेतली नाही. एक घर तीन वर्षांनी परत आले आणि सर्वांबरोबर जेवले. दुसरे आले नाही. ते घर आमच्या हातून नेले गेले नाही, ही खंत आजही आहे.

आचरण

पाठाचा शेवट आचरणात झाला पाहिजे, नाहीतर तो वाऱ्यावर गेला. आमच्या दिंडीत तेव्हापासून जे पाळतो ते सांगतो. आपापल्या दिंडीच्या मानाने कमी-अधिक करावे.

१. दिंडीची चाल सर्वांत मागच्या माणसावरून ठरते. एक जबाबदार माणूस पताका घेऊन शेवटी चालतो. त्याच्यामागे आपले कोणी नाही. घाट संपल्यावर आणि मुक्कामाला, माणसे मोजल्याशिवाय चालकाने पाणी घ्यायचे नाही.

२. पंगतीला जागा आडनावावरून नाही, येईल तशी. वाढण्याची पाळी सर्व गावांना, सर्व घरांना. चालकाने शेवटच्या पंगतीला जेवायचे. शेवटच्या पंगतीला काय उरते आणि काय उरत नाही, हे त्याला त्याशिवाय कळत नाही.

३. नव्या माणसाला पहिल्या दिवशी विचारावे, तुम्हाला काय येते? कोणी चांभार असतो. वाटेत तुटलेल्या वहाणा तो जोडील. कोणी सुईण असते, कोणी गवंडी, कोणाला ओव्यांच्या जुन्या चाली येतात. हे विचारणे म्हणजे गोरोबांचे थापटणे मान्य करणे होय. परंतु नुसते राबवून घेऊ नये. त्याचे बोलणे बैठकीतही ऐकावे.

४. अभंगाला चाल लावण्याची पाळी फिरती ठेवावी. तीच चार गळेदार माणसे पुढे आणि बाकी नुसती टाळकरी, असे होऊ देऊ नये. बायकांनी तुळस आणि हंडा घेऊन मागे चालावे एवढाच त्यांचा वाटा नव्हे. वीणा बाईच्या हाती देताना काही ठिकाणी अजून मन कचरते. बहिणाबाईंनी तुकोबारायांना गुरू केले तेव्हा किती जणांचे मन कचरले असेल! आज त्यांचे नाव आपण संतमालिकेत घेतो. उद्या जे मान्य करायचेच आहे ते आज केले तर बिघडते कोठे?

५. ज्याला कमी ऐकू येते त्याला विणेकऱ्याच्या समोर उभे करावे. पावलावरून त्याला लय कळते. ज्याला दिसत नाही त्याच्या खांद्याला एक खांदा द्यावा, आणि तो खांदा दर मुक्कामाला बदलावा, म्हणजे कोणाला ओझे वाटत नाही आणि सर्वांना ओळख होते.

६. दिंडीतही रोज रात्री समाजआरतीसारखी वेळ ठेवावी. हरिपाठ झाला की चालकाने विचारावे, कोणाचा टाळ वाजतो आहे काय? आणि विचारून गप्प बसावे. पहिले चार दिवस कोणी बोलत नाही. पाचव्या दिवशी बोलतात. जो बोलेल त्याच्यावर दुसऱ्या दिवशी कोणी डाफरणार नाही, याची हमी चालकाने घ्यावी. नाहीतर तो टाळ पुन्हा वाजायचा नाही, आणि आपल्याला वाटेल, सगळे शांत आहे.

यांतले कोणतेही काम अंगच्या थोरवीने होत नाही. सवयीने होते. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वडीलही लहानाच्या पाया पडतो. ही सवय आपल्या पूर्वजांनी घालून दिली. पाया पडायला वाकावे लागते आणि वाकले की समोरच्याचे पाय दिसतात. सुजलेले आहेत की काय, अनवाणी आहेत की काय. आम्ही त्या म्हातारीच्या पाया आळंदीस पडलो होतो. पण घाईत. पाहिले नाही.

तात्पर्य

नेणे द्विकर्मक आहे. पंढरी एक कर्म, माणूस दुसरे. विठ्ठल अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे; आणखी घटकाभर थांबायला त्याला हरकत नसावी. मागे राहिलेल्याला ती घटका आपण द्यायची आहे.

तो पोरगा आज पन्नाशीच्या घरात आहे. दिंडीच्या शेवटी पताका घेऊन तोच चालतो. म्हातारी २००३ साली गेली. तिची तुळस तिची नात घेते. यंदाच्या बैठकीत ट्रकचे आणि तंबूचे ठरवून झाले की हाही विषय काढावा, एवढी विनंती सर्व दिंडीचालकांच्या चरणी करतो आणि थांबतो.

रामकृष्णहरि.